तेलगोटे साहेबांचा रविवार

सिंधूबाई ढोरेंना फोनवर हळू बोलता येत नाही. पातूरजवळच्या वावरातून त्या बोलल्या की तिवशाला आपल्या स्वयंपाकघरातली भांडी वाजतात, असं माझे यजमान म्हणतात. पण गेल्या महिन्यात सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मला दोनदा "काय?" म्हणून विचारावं लागलं.

"साहेब गेले, मॅडम. शनवारी. काल बजार भरला व्हता, पर कोनी आवाजच नाई देल्ला. समदे मुकाट बसून. गिऱ्हाइकं इचारून राहिले व्हते, आज काय झालं तुमाले म्हून."

फोन ठेवला आणि पहिल्यांदा आला तो राग. तेलगोटे साहेब न सांगता कुठे जाणारे नव्हते. आज कोणत्या गावाला चाललो, कशाला चाललो, हे माझ्या टेबलाशी येऊन मोठ्यांदा सांगायचं आणि मगच स्कूटरला किक मारायची, ही त्यांची रीत. रडू नंतर आलं, तांदूळ धुताना.

सुखदेव तेलगोटे हे खरं तर साहेब नव्हतेच. ते कृषी सहायक होते आणि मी त्याच ऑफिसात लिपिक. आमचं ऑफिस पातूरला. खरे साहेब वेगळे असत. ते येत, खुर्चीवर टॉवेल टाकत आणि दोन-तीन वर्षांत बदलून जात. गावोगावच्या बायकांनी मात्र साहेब ही पदवी या एकाच माणसाला देऊन टाकली होती. बुटका, सावळा, पँटच्या घड्या कायम चिखलाने भरलेल्या, आणि कानामागे पेन्सिल, सुतारासारखी. ऑफिसात नवीन आलेला माणूस त्यांना हमखास शिपाई समजायचा आणि पाणी मागायचा. ते निमूट पाणी आणून देत आणि मग हात पुढे करून म्हणत, "मी तेलगोटे. आता तुमी मले द्या एक गिलास."

त्यांचं आणि माझं पटत नसे. कारण उघड होतं. त्यांची दैनंदिनी कधी वेळेवर यायची नाही आणि आली तरी सरकारी नमुन्यात बसायची नाही. "भेटीचा उद्देश" या रकान्यात त्यांनी एकदा लिहिलं होतं, "लक्ष्मीबाई रुसली आहे, समजूत काढणे." वरून विचारणा झाली की बोलणी मला खावी लागत. मी चिडले की ते म्हणत, "मॅडम, तुमी कागद सांभाळा, मी मानसं सांभाळतो. दोघायलेबी पगार एकाच सरकारचा हाये."

माणसं सांभाळणं म्हणजे काय, तर अकोल्याचा रविवारचा शेतकरी बाजार. एका शाळेच्या मैदानात तो भरतो. नियम एकच: ज्याने पिकवलं किंवा ज्याने हाताने केलं, त्यानेच मालामागे बसायचं. दीर नाही, भाचा नाही, गावातला कोणी हुशार माणूस नाही. "तुमी बोलत नाई, म्हून दलाल बोलते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेत सुद्धा म्हणून दाखवीन. सरकारी योजना कागदावर पाच-सहा ओळींची होती. तिच्यात जीव ओतला तो या माणसाने, आणि तोही स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. त्यांच्या नात्यातले लोक रविवारी लग्नकार्य असलं की त्यांना आमंत्रण द्यायचंच सोडून बसले होते.

पण बायकांना बाजारात बसवणं म्हणजे पोरखेळ नव्हता. माल उत्तम असायचा. चिवईची रानभाजी, कटुले म्हणजे करटुली, जात्यावर भरडलेली तुरीची दाळ, जवसाची चटणी, शिंदीचे फडे, म्हणजे झाडू. अडचण बोलण्याची होती. आपल्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला पुरणपोळी वाढली तरी बाई म्हणते, "काही नाही केलं हो, साधंच आहे, गोड मानून घ्या." तीच बाई बाजारात बसली की तीच भाषा बोलायची. त्यासाठी साहेब आधी गावात तालीम घेत. एकदा मला जबरदस्तीने नेलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत पंधरा-वीस बायका सतरंजीवर बसलेल्या. साहेबांनी माझी पर्स खांद्याला अडकवली, डोक्यावरून रुमाल घेतला आणि अकोल्याची बाई होऊन लचकत आले. बायकांनी पदर तोंडात कोंबले.

"का हो, ही दाळ जुनी तर नाही ना?" साहेब नाकात बोलले.

समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "असन बाई."

खोलीत हसून हसून लोळण. साहेब मात्र हसले नाहीत. ते पर्ससकट तिच्यापुढे खाली बसले. "माय, दाळ कोनं केली?"

"म्याच."

"कधी?"

"परवा."

"मंग असन काहून म्हनतं? तू सोता केली अन् तूच असन म्हनशीन, त गिऱ्हाईक काय म्हनीन?"

म्हातारी म्हणाली, "आपन आपल्या तोंडानं आपलं चांगलं कसं सांगाव, बापू? लाज वाटते."

"लाज वाटाले तू काय चोरी केली?" साहेब म्हणाले. त्या दिवशी तीन तास त्यांनी प्रत्येकीकडून स्वतःचं नाव, आडनाव, गाव आणि "माल माह्या घरचा हाये, चांगला हाये" एवढं मोठ्याने म्हणवून घेतलं. शेवटी माझ्याकडूनही. मला पण लाजच वाटली, आणि मी तर काही विकतही नव्हते.

सिंधूबाईंची गोष्ट तर सगळ्या तालुक्यात झाली. ढोऱ्यांचं घर पिढ्यान् पिढ्या काळ्या मातीत शेती करणारं. घरची बाई बाजारात बसणार म्हटल्यावर यजमान आडवे आले. साहेब लागोपाठ तीन दिवस त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. भांडले नाहीत, विनवलं नाही, नुसते बसले, चहा घेतला आणि उठून आले. चौथ्या दिवशी ढोरे कंटाळून म्हणाले, "घेऊन जा बावा एक डाव." तर त्या पहिल्या रविवारी सिंधूबाई टोपलंभर कटुले घेऊन आल्या. तासाभरात टोपलं रिकामं. साहेब हरखले, सगळ्यांना बोलावून दाखवू लागले. विचारलं तर कळलं की विकलं काहीच नव्हतं. त्यांच्या गावची, माहेरची, नात्याची माणसं अकोल्यात राहायला आलेली. ती एकेक करून भेटली आणि बाईंनी प्रत्येकाच्या पिशवीत ओंजळ-ओंजळ वानोळा म्हणून घातला. नवीन निघालेलं पहिलं पीक आपल्या माणसांना द्यायचं, ही आपली रीत. सिंधूबाई उलट साहेबांवरच उखडल्या, "घरच्या मानसाले इकू काय? काही जनाची मनाची हाये का नाई?"

मला वाटलं, साहेब आता डोक्याला हात लावतील. ते म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. वानोळा बंद नाई करा लागत." आणि त्यांनी तिथल्या तिथे रीत पाडली: डाव्या हाताला छोटी टोपली वानोळ्याची, उजव्या हाताला विकायचा माल. डावी टोपली संपली की संपली. आजही त्या मैदानात प्रत्येकीच्या डाव्या हाताला ती टोपली असते. नव्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही आणि जुनी गिऱ्हाइकं गुपचूप डावीकडून वाकून बघतात.

दुसरी त्यांची रीत पाट्यांची. अक्षर फार देखणं होतं त्यांचं. पत्र्याच्या छोट्या पाट्या ते स्वतः रंगवत आणि प्रत्येकीच्या मालापुढे ठेवत. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव, गाव. पूर्ण. या पूर्ण नावामागचं कारण मला माहीत होतं, कारण ते अकोल्यातल्या कोणालाही माहीत असतं. आपल्याकडे कच्च्या भाजीला कोणी जात विचारत नाही. पण पापड, लोणचं, वड्या, म्हणजे ज्याला ओला हात लागला असं काही असलं, की गिऱ्हाईक हळूच गोड आवाजात विचारतं, "कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" आडनाव ऐकून पुडा खाली ठेवतं आणि म्हणतं, "येते हं फिरून." फिरून कोणी येत नाही. साहेब बौद्ध घरातले. त्यांना हे सांगायला दुसरं कोणी लागत नव्हतं. "इचारायच्या आधीच सांगून टाका," ते बायकांना म्हणत. "ज्याले घ्याचं तो घेईन, ज्याले जाचं तो जाईन. पर नाव झाकाचं नाई. नाव झाकलं का मालबी खराब वाटते."

हे सांगणाऱ्या माणसाच्या हातून काय झालं, ते आता सांगते.

साहेबांना आई आठवत नव्हती. त्यांना वाढवलं पंचफुलाबाईंनी, थोरल्या भावाच्या बायकोने. भाऊ महादेव लवकर गेला. पदरात मूलबाळ नाही, आणि लहानगा दीर शाळेत. पंचफुलाबाई माहेरी गेल्या नाहीत. लोकांच्या वावरात निंदायला जाऊन त्यांनी दिराला शिकवलं. पुढे साहेबांनी अकोल्यात घर बांधलं तरी त्या गावचं घर सोडून आल्या नाहीत. उंच, हडकुळ्या, चौथी शिकलेल्या, आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड. एसटीत बसल्या की दुकानांच्या पाट्या वाचत जायच्या. त्यांच्या हातच्या मुंगवड्यांना तोड नव्हती. मुगाची दाळ पाट्यावर वाटायची, मिक्सर नाही, आणि बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून वड्या टाकायच्या, सगळ्या एका मापाच्या. दर उन्हाळ्यात त्यांचा वानोळा म्हणून एक पुडा साहेबांबरोबर माझ्याकडे यायचा. तेव्हा आम्ही अकोल्यात राहत होतो. पहिल्या खेपेला सासूबाईंनी विचारलं, "कोणाकडच्या गं?" मी म्हटलं, "आमच्या ऑफिसातल्या साहेबांकडच्या." आडनाव सांगितलं नाही. वड्या सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. तेव्हा मला वाटलं, मी मोठी हुशारी केली.

वैनींनी बाजारात बसावं, हा साहेबांचा हट्ट होता. त्या म्हणायच्या, "माही कुठी हिंमत, बापू." दोन वर्षं साहेबांनी हट्ट धरून ठेवला आणि एका चैत्रात वैनी तयार झाल्या. नवीन पातळ नेसून, वड्यांची थैली मांडीवर घेऊन त्या गावोगावच्या बायकांना आणणाऱ्या टेम्पोत पुढे बसून आल्या. मी त्या दिवशी मुद्दाम लवकर गेले होते, कारण जिल्ह्याचे मोठे अधिकारी बाजार बघायला येणार होते आणि त्यांच्यासमोर रजिस्टर धरून मला उभं राहायचं होतं. साहेबांचा शर्ट इस्त्रीचा होता. कानामागची पेन्सिल नव्हती.

वैनींनी चादर अंथरली, वड्या मांडल्या, आणि खोडीप्रमाणे आजूबाजूच्या पाट्या वाचायला लागल्या. "सिंधूबाई रामदास ढोरे. लक्ष्मीबाई किसन अंभोरे." मग स्वतःची. "पंचफुलाबाई. तालुका पातूर." त्यांनी पाटी उलटून मागे पाहिलं. परत सुलटी केली.

"बापू, तेलगोटे कुठी गेलं यातलं?"

"जागा नाई पुरली, वैनी," साहेब म्हणाले.

मी पाटी पाहिली. नावाच्या पुढे चांगली वीतभर जागा होती.

वैनींनी पाटी वड्यांपुढे ठेवली. थोड्या वेळाने एक बाई आली, वडी फोडून वास घेतला, आणि तो प्रश्न आलाच: "आडनाव काय तुमचं?" वैनींनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून साहेब म्हणाले, "घरचा माल हाये ताई, एकदम चोख, पातूरकडला." बाईने दोन पुडे घेतले. वैनींनी मान वळवून दिराकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते.

मग अधिकारी आले. साहेब त्यांना एकेकीपाशी नेऊन ओळख करून देत होते. ह्या सिंधूबाई ढोरे, ह्यांचे कटुले नागपूरपर्यंत जातात. ह्या लक्ष्मीबाई, ह्यांचा फडा वर्ष टिकते. असं करत वैनींपाशी आले आणि म्हणाले, "ह्या पंचफुलाबाई, पातूरकडल्या." आणि पुढे सरकले. वैनी हात जोडून अर्ध्या उठल्या होत्या, त्या तशाच खाली बसल्या. मला ते खटकलं. पण मी गप्प राहिले. सरकारी नोकरीत गप्प बसायची सवय हाडात मुरते.

अकरा वाजायच्या आत वैनींच्या सगळ्या वड्या संपल्या. साहेब आनंदाने सगळ्यांना सांगत सुटले. वैनींनी चादर झटकली, नीट घडी केली. पुढच्या रविवारी टेम्पो दारात गेला तर त्या म्हणाल्या, कंबर दुखते. त्याच्या पुढच्या रविवारी घरात पाहुणे. मग साहेबांना कळायचं ते कळलं.

त्यांनी दुसरी पाटी रंगवली. पंचफुलाबाई महादेव तेलगोटे, इतकं सुंदर अक्षर मी त्यांचं दुसरं पाहिलं नाही. ती घेऊन ते गावी गेले. वैनींनी पाटी हातात घेतली, मोठ्याने वाचली, आणि रांजणावर झाकण म्हणून ठेवली. "बराबर बसली पहा," म्हणाल्या. भांडण नाही, अबोला नाही. साहेब गावी गेले की वैनी भाकरी टाकायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या, नातवंडांची चौकशी. वानोळ्याचा पुडा दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतच राहिला. फक्त बाजारात त्या आल्या नाहीत. साहेब आडून आडून म्हणत, "वैनी, रविवारी टेम्पोत जागा हाये." त्या म्हणत, "असू दे, मोकळी हवा खेळन."

साहेब बदलले ते तेव्हापासून. बाजार वाढत गेला, अमरावतीचे लोक बघायला येऊ लागले, सत्कार झाले. सत्कारात ते नारळ काखेत धरून असे उभे राहायचे की जणू दुसऱ्या कोणाचा नारळ सांभाळायला दिला आहे. मी एकदा चिडून म्हटलं, "साहेब, दीडशे घरं उभी केलीत तुम्ही, एक बाई आली नाही तर एवढं काय?" ते म्हणाले, "मॅडम, त्या एकीसाठीच त मी हे काम धरलं व्हतं." 

मग माझी बदली तिवशाला झाली, साहेब निवृत्त झाले. तरी रविवार सोडला नाही. मागच्या वर्षी कळलं की वैनींना अर्धांगाचा झटका आला आणि साहेबांनी त्यांना अकोल्याला आणलं. मी भेटायला गेले. पुढच्या खोलीत बाजेवर वैनी पडलेल्या. डावा हात निर्जीव, बोलणं जड पण स्पष्ट. साहेब पायथ्याशी बसून त्यांचे पाय चोळत होते. समोर टीव्ही चालू होता आणि वैनी खालून सरकणाऱ्या बातम्या हळूहळू वाचत होत्या.

मी बसल्यावर साहेबांना काय झालं कोण जाणे. कदाचित तिसरं माणूस खोलीत असल्याचा धीर आला असेल. पाय चोळता चोळता, मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "वैनी, तू परत बजारात काहून नाई आली?"

वैनींनी टीव्हीवरून नजर काढली. "तुले माही लाज वाटे म्हून."

"मले?"

"साहेबाची भावजय खाली बसून वड्या इकते, हे तुह्या मोठ्या साहेबायले समजू नये म्हून तू आडनाव लिवलं नाई. मले त्याच दिवशी समजलं, बापू. मंग मी कशाले येऊ? तुही नोकरी व्हती. तुही इज्जत व्हती. मी त तिच्यासाठीच खपली ना?"

रागाने नाही बोलल्या. एखाद्याला आपल्या घरचा रस्ता सांगावा तसं बोलल्या. साहेबांचे हात त्यांच्या पायावर थांबले होते.  शेवटी वैनीच म्हणाल्या, "मॅडमले चाय द्या कोनी."

साहेब मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. स्कूटर असताना चालत आले.  मग म्हणाले, "मी त जातीपायी लपवलं, मॅडम. वड्या परत आल्या असत्या त तिच्या जिवाले लागलं असतं. दहा वर्षं मी हेच समजून राहिलो का तिले त्याचा राग हाये."

"मग सांगा ना त्यांना तसं," मी म्हटलं. "आत्ता घरी जा आणि सांगा. बिचाऱ्या काय समजून बसल्यात!"

ते थांबले. रस्त्यावर ऑटोवाले ओरडत होते. "अधिकाऱ्यापाशी त जातीचा सवाल नव्हता. तो मानूस काही वड्या घेनार नव्हता. त्यायच्यापुढं मी माही वैनी हाये असं काहून नाई म्हनलं?" ते परत चालू लागले आणि म्हणाले, "तिचं खरं हाये, मॅडम. दोन्ही व्हतं. मीच मले वळखलो नाई. समद्या तालुक्याले म्हनत फिरलो, लाज सोडा, लाज सोडा."

 पाटीवरची ती वीतभर जागा मी पाहिली होती आणि मी पण गप्प होते. बस आली, मी चढले.

घरी जाऊन त्यांनी वैनींना तेच सांगितलं, हे मला नंतर त्यांच्या पत्नीकडून कळलं. "वैनी, तुहं खरं हाये," एवढंच म्हणाले आणि बाजेशी डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. वैनींनी उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. "आता रडून काय, बापू. आता माह्या हातात वडी येत नाई." मग काही दिवसांनी त्यांनीच टूम काढली. दाळ भिजव म्हणाल्या. साहेबांनी आयुष्यात कधी चहाचा कप विसळला नव्हता. ते पाट्यापुढे बसले. वैनी बाजेवरून सांगायच्या, अजून बारीक वाट, जिरं कमी टाक, वडी अशी नाई, अंगठ्यानं सोड. गच्चीवर लुगडं अंथरून साहेबांनी वड्या टाकल्या. काही चपट्या, काही शेपट्या आलेल्या. वैनींना खुर्चीत बसवून वर नेलं तेव्हा त्या बघून एवढ्या हसल्या म्हणे की ठसका लागला. त्यांना बाजारात न्यायचं ठरलं, टेम्पोत गादी टाकून, तिसऱ्या रविवारी. पण दुसऱ्याच आठवड्यात वैनी वारल्या.

मला ते उशिरा कळलं. एका लग्नासाठी अकोल्याला गेले होते, रविवार होता, म्हणून मैदानात डोकावले. साहेब कुठे फिरताना दिसेनात. सिंधूबाईंनी नुसती हनुवटीने खूण केली. रांगेच्या टोकाला, जमिनीवर मांडी घालून ते बसले होते. पुढे फडक्यावर त्या वेड्यावाकड्या वड्यांचे पुडे. इतक्या वर्षांत मालामागे बसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. मी जाऊन म्हटलं, "साहेब, मला द्या हो दोन."

"वळखीच्याले नाई, मॅडम," ते म्हणाले. "रागवू नका."

सिंधूबाईंनाही त्यांनी दिल्या नव्हत्या, कोणालाच नाही. मी सिंधूबाईंच्या बाजूला बसून राहिले. गिऱ्हाइकं येत होती. एक बाई थांबली, तिने नेहमीचा प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, "तेलगोटे." बाई म्हणाली, येते फिरून. साहेब म्हणाले, "या." अशा तीन तरी गेल्या. एकाने वड्या वाकड्या आहेत म्हणून नाक मुरडलं. वर्षानुवर्षं बायकांना शिकवलेली वाक्यं या माणसाला स्वतःसाठी म्हणता येत नव्हती. सिंधूबाई पदराने डोळे पुसत आणि पुन्हा आपली भेंडी विकायला लागत. ऊन चढलं, बायका चादरी झटकू लागल्या. माझीही बसची वेळ झाली.

मी उठले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ त्यांच्यापुढे येऊन थांबले. धोतर, हातात कापडी पिशवी. त्यांनी एक वडी उचलून उजेडात धरली.

"कोनं केल्या?"

"म्या टाकल्या," साहेब म्हणाले. "पर वड्या माह्या वैनीच्या हायेत. पंचफुला महादेव तेलगोटे. माही वैनी." हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की आवरणाऱ्या बायकांचे हात थांबले.

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला त्या नावात काही विशेष वाटलं नाही. "मंग त्या काहून नाई आल्या?"

साहेबांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता.

"मी येऊ देल्लं नाई तिले," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने हातातली वडी परत पुड्यात ठेवली. मग त्याने पिशवीचं तोंड उघडून त्यांच्यापुढे धरलं.